रिपोर्ट नॉर्मल, तरी बाबांची छाती का धडधडते?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती नोकरीसाठी पुण्यात असते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "बाबा ५४ वर्षांचे. सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. दिवाळीपासून त्यांच्या छातीत धडधड होते, पोटात आग पडते, रात्री तीनला जाग येते ती येतेच. ईसीजी, रक्त, सोनोग्राफी, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन आहे. तेव्हापासून आई म्हणते, काहीच नाही तर मग हे सोंग कशाले? टेन्शननं शरीराचं खरंच एवढं होतं का? आणि आम्ही करायचं काय?"

होतं, ताई. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेडिसिनची ओपीडी चालवते. कापूस वेचणीपासून मार्चपर्यंत अशी माणसं माझ्याकडे रोज येतात. "जीव घाबरते", "काही सुदरत नाही", "हातपाय गळून जाते" असं कुणी म्हणालं की पुढचं अर्धं मला कळलेलं असतं. ही माणसं सोंग करत नसतात. त्यांची नाडी मोजता येते, रक्तदाब मोजता येतो, तळहाताचा गार घाम माझ्या हाताला लागतो. तपासलेल्या अवयवांत त्या दिवशी मोठा दोष सापडला नाही, एवढाच त्या रिपोर्टांचा अर्थ. साधा ईसीजी हृदयाचे जेमतेम १० सेकंद टिपतो, तेही माणूस दिवसाउजेडी निवांत पडलेला असताना. रात्री तीनची धडधड त्यात कुठून दिसणार? "काही नाही" या दोन शब्दांनी आमच्याकडच्या घरांमध्ये फार नुकसान केलंय. पेशंटला वाटतं आपल्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि घरच्यांना वाटतं हा काम टाळतो आहे.

शरीरात नेमकं काय घडतं ते नीट सांगते. ते कळलं की आईंचाही राग निवळेल.

समजा बाबा रात्री जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला बसलेत आणि तुरीतून रानडुक्कर थेट अंगावर आलं. ते नीट दिसायच्या आतच मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याचा इशारा देतो. तो मेंदूच्याच तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पोचतो आणि तिथून सिम्पथेटिक नसांवाटे (धोक्याच्या वेळी शरीराला पळवणाऱ्या नसा) सगळ्या अंगात. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी बसलेल्या असतात, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या. त्यांच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटतं. मग काही सेकंदांत हृदय जोरात आणि जलद चालू लागतं, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मांड्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंकडे रक्त वळतं आणि पोटाकडचं कमी होतं, म्हणून पोटात गोळा येतो. तोंड कोरडं पडतं. जखम झालीच तर रक्त फार जाऊ नये म्हणून ते लवकर गोठायचीही तयारी होते. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या सगळ्याला 'लढा किंवा पळा' असं नाव दिलं. डुक्कर पळालं की अ‍ॅड्रिनलिनही ओसरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं.

दुसरी फळी जरा सावकाश येते. हायपोथॅलॅमस त्याच्या खालच्याच पिट्यूटरी ग्रंथीला कळवतो, पिट्यूटरी रक्तातून अ‍ॅड्रिनलला कळवते आणि अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल निघतं. धोक्यानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते सर्वांत जास्त असतं. त्याचं काम म्हणजे साखर वर ठेवणं, रक्तदाब टिकवणं आणि सूज, दुरुस्ती, पचन, पाळी, शरीरसंबंधाची इच्छा अशी आज थांबली तरी चालतील ती कामं मागे ढकलणं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला सांगतं, आता बंद कर. टाकी भरली की फ्लोट मोटर बंद करतो, तसं.

रानडुक्कर येतं आणि जातं. सावकाराचा तगादा जात नाही. जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे पाहायचं, पावसानं खंड दिला की दुबार पेरणी, मग फवारणी आणि कृषी केंद्राची उधारी, ऑक्टोबरच्या पावसात भिजणारं सोयाबीन, कापूस घरात आला की पडलेले भाव, मार्च आला की बँकेचा निरोप, मे महिन्यात पुन्हा बियाण्याची सोय, आणि घरात लग्न असेल तर तेही त्याच महिन्यात. धोका समोर उभा आहे की नुसता मनात घोळतो आहे, हा भेद अमिग्डला फारसा करत नाही. पलंगावर पडून "तीन लाखाचं कसं होईन" हा विचार आला तरी तीच धोक्याची घंटा वाजते. महिनोन् महिने हे चाललं की मेंदू कॉर्टिसॉलचा 'बंद कर' हा निरोप नीट ऐकेनासा होतो.

मॉन्ट्रियलला काम करणारे हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग मांडले. थंडी, जखम, विष, अतिश्रम, त्रास कोणताही असो, उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल दिसत होते: अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. माणसांबद्दलचा पुरावा नंतर येत गेला. त्यातला १९९५ चा अमेरिकेतला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. घरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. त्यांची जखम भरायला सरासरी सुमारे ४९ दिवस लागले, तशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या बायकांची ३९ दिवसांत भरली. हातावरच्या जखमेला तर सोंग करता येत नाही. हे आईंना जरूर वाचून दाखवा.

आता बाबांच्या तक्रारी घेऊ. धडधडीचं कारण वर आलंच. रात्री तीनची जाग मात्र वेगळी समजून घ्या. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं, पहाटेकडे चढू लागतं आणि उठल्यावर अर्ध्या तासात सर्वांत वर जातं. पहाटेची झोप मुळात हलकी; घंटा आधीच वाजत असलेल्या माणसाला ती पुरत नाही. शिवाय आपल्याकडे शेतीची लाईन रात्रीची. विहिरीवर पाणी असलेला माणूस आठवड्यातल्या तीन-चार रात्री ओलिताला जातो, कोरडवाहूवाला जागलीला. शरीराला झोपायची वेळ कोणती हेच ठाऊक राहत नाही. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल आणि साखर वर राहतात, आणि साखर-बीपीच्या पेशंटची गोळी तीच असून रीडिंग बिघडतं. पहाटे लवकर जाग येऊन उदास, जड वाटणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. त्याकडे पुढे येते.

पोटातल्या आगीवर लगेच टेन्शनचा शिक्का मारू नका. जठरातले व्रण बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा दुखण्याच्या गोळ्यांमुळे होतात. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या बाबा उपाशीपोटी खातात का, ते आधी विचारा. टेन्शनमध्ये जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाई करतं, म्हणून भूक मरते, आंबट ढेकर येतात, सकाळी दोन-तीनदा जावं लागतं. काळी संडास, वजन घटणं, रक्ताची उलटी, यांतलं काही असेल तर एंडोस्कोपी, म्हणजे पोटाची दुर्बिणीने तपासणी, हवीच.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. बाबा खातात की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आमच्या भागात विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टेन्शन आलं की पुडी काढायची ही सवय. खऱ्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटिन त्याच अ‍ॅड्रिनल ग्रंथीला डिवचतं, नाडी आणि बीपी वाढवतं. दोन-तीन तासांत ते उतरलं की चिडचिड, अस्वस्थपणा. पुन्हा खाल्ल्यावर बरं वाटतं, कारण खऱ्ऱ्यानेच आणलेली तलफ खर्रा भागवतो. मूळ काळजी तिथेच राहते. दारूचंही तसंच: घेतल्यावर झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते.

आता सगळ्यात कळकळीचं. टेन्शन म्हणून काय सोडायचं नाही ते.

चढ चढताना किंवा ओझं उचलताना छाती भरून येणं, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणं, दम आणि घाम, असं झालं तर मागचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी बसायचं नाही. १०८ बोलवा. मोठ्या मानसिक धक्क्याने हृदयही खरोखर ढिलं पडू शकतं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेल्या ताकोत्सुबो या आजारात ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो पण हृदयाच्या रक्तनळ्या मोकळ्या निघतात. तो जास्त करून पाळी गेलेल्या बायकांत दिसतो. फरक कोणता ते दवाखान्यातच कळतं, घरी नाही.

फवारणीच्या दिवसांत घाबरणं, घाम, गरगरणं आलं तर पहिला संशय विषबाधेचा घ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, हे तुम्हाला सांगायला नको. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसांतलं निरोप पोचवणारं रसायन, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन साचवतात, म्हणजे टेन्शनच्या उलट बाजूच्या नसा बेफाम होतात. म्हणून लक्षणंही साधारण उलटी. टेन्शनमध्ये तोंड कोरडं, बाहुली मोठी. विषबाधेत तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दृष्टी अंधूक, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, पातळ संडास, छातीत घरघर. घाम दोन्हींत येतो, त्यामुळे नुसत्या घामावरून ठरवू नका. कपडे काढा, साबणाने अंघोळ घाला आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटली हातात असली की आमचा उपचार नेमका होतो.

थायरॉइड वाढलेलं असेल तरी अशीच धडधड आणि थरथर असते. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी झालेली नसेल तर करून घ्या. बायकांमध्ये रक्त कमी असणं हे धडधडीचं फार मोठं कारण. आणि पूर्व विदर्भात, किंवा ज्या घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे तिथे, हाडं-छाती दुखायला लागली की ते कधीही मनाचं म्हणून सोडायचं नाही.

आईंबद्दलही विचारते. त्यांची डोकेदुखी, अंग मोडून येणं, पाळी गेल्यावरची झोपमोड कुणी तपासली का? कर्जाचा आकडा त्यांनाही माहीत असतो, किंवा माहीत नसतो आणि अंदाजानेच जीव टांगणीला असतो. आमच्याकडे तरुण सुनांना घाईघाईने आणतात: हात वाकडे झाले, बोटं आखडली, ओठांभोवती मुंग्या. घरचे म्हणतात अंगात आलं. प्रत्यक्षात घाबरून श्वास फार जलद चाललेला असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे वापरात येणारं कॅल्शियम कमी पडतं आणि स्नायू आखडतात. शेजारी बसून श्वास हळू करायला लावला की बोटं समोरच मोकळी होतात. चपला हुंगवणं, तोंडावर मारणं, हे अघोरी आहे.

उपचारांकडे येते. आधी जे करू नये ते. "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" हा हट्ट सोडा. ग्लुकोजच्या ५०० मिलिच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. त्याहून धोकादायक ते पिवळ्या-लाल इंजेक्शनांसोबत गुपचूप दिलं जाणारं डेक्सा नावाचं स्टिरॉइड. ते कॉर्टिसॉलचंच कृत्रिम आणि कितीतरी जास्त ताकदीचं भावंड. दोन दिवस अंगात वारं भरल्यासारखं वाटतं, म्हणून त्या माणसाकडे रांग लागते. साखर चढते, बीपी चढतं, हाडं पोखरतात, आणि शरीराच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडतात. बाबांनी असं काही महिनोन् महिने घेतलं असेल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवावं लागतं. झोपेसाठी अल्प्राझोलाम मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणू नका. काही आठवड्यांतच त्याची सवय लागते आणि सोडताना मूळच्यापेक्षा जास्त धडधड होते.

काय करायचं, तर मी आधी झोपेला हात घालते. जागलीच्या रात्री भावकीत वाटून घ्या, सलग रात्री एकाच माणसाने जाऊ नये. ओलिताहून पहाटे परतलं तर दुपारी ती झोप भरून काढू द्या, कुणी "दिवसा झोपते" म्हणून टोचू नका. जाग आलेली असताना मोबाईल नको, चहा नको.

श्वासाचा उपाय साधा वाटतो म्हणून लोक मनावर घेत नाहीत, पण त्याला पक्का आधार आहे. श्वास सोडताना व्हेगस नस हृदयाला मंद करते. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. इटलीच्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळ किंवा मंत्र लयीत म्हटला तरी श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतो. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर बाबांना तिकडे धाडा. श्वासही लागतो आणि चार माणसांत बसणंही होतं. एकटं पडलेल्या माणसाच्या शरीरात घंटा जास्त वाजते.

आणि आकडा कागदावर आणा. बँक किती, सोसायटी किती, कृषी केंद्र किती, हातउसने किती, व्याज कोणतं, मुदत कधीची. बहुतेक घरांत हा आकडा एकट्या बापाच्या डोक्यात असतो. तो आईंसमोर, तुमच्यासमोर एकदा मांडला गेला की कर्ज एक रुपयाने कमी होत नाही, पण रात्री तीनला तोच हिशोब पुन्हा पुन्हा करायचं काम डोक्याला उरत नाही. तुम्ही पुण्याहून पैसे पाठवत असाल, तरी हे समोरासमोर बसूनच करा.

एवढं करून दोन आठवड्यांत उतार नसेल, किंवा कशातच मन लागत नसेल, जेवण सुटलं असेल, "माझ्यानं काही होत नाही" असं बोलणं असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताणाबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपली माणसं बोलत नाहीत हे खरं नाही. विचारणारं कुणी भेटलं की बोलतात. नैराश्याच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडू नका. या गोळ्यांची नशा नसते, फक्त बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू करायच्या.

एक प्रश्न तुम्हाला स्वतः विचारावा लागेल: "बाबा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कित्येकांना विचारलं गेल्याचाच आधार वाटतो. उत्तर 'हो' असेल, नुसतं मान खाली घालणं असेल, तरी त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उत्तर काहीही असो, फवारणीचं औषध घरातून हलवा. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. केस होईल म्हणून कुणी घाबरत असेल तर सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: आठवडाभर सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी मोजलेलं बीपी आणि नाडी (आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर मोजून देतील), रोज किती तास झोप, कोणत्या रात्री ओलित किंवा जागल, दिवसाला किती पुड्या, कोणत्या गोळ्या आणि इंजेक्शनं, धडधड कोणत्या वेळी आणि काय करताना. तीनच्या सुमारास धडधड झाली तर आईंनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत, आणि ते एकसारखे पडतात की मधेच चुकतात तेही लिहावं. ठोके चुकत असतील, किंवा स्वस्थ पडलेले असताना मिनिटाला १२० च्या वर जात असतील, तर डॉक्टरांना २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावायला सांगा.